ओट्यापाशी उभी केलेली बाई

मी लोकांच्या घरातल्या भिंती फोडतो. म्हणजे हातोडा आता माझी माणसं मारतात, मी बाजूला उभा राहून ओरडतो. धंदा सुताराचा, गाव मालवणाकडचं, शिक्षण सातवी नापास, राहणं बोरिवलीला. ह्या दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, मला जोडाक्षरं लिहिताना घाम फुटतो. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर बोलतो तसं लिहिलंय. शुद्धलेखन माझ्या मुलीने, मनीषाने बघितलंय. एका ठिकाणी ती रडली आणि तिथलं तपासायचं राहिलं. चुका असतील तर तिथल्या.

काम काय, ते आधी सांगतो. मुंबईत घर मोठं होत नाही. माणसं वाढतात, सामान वाढतं, घर तेवढंच. मग लोक आम्हाला बोलावतात. बाल्कनी आत घ्या, किचनची भिंत पाडा, बेडरूमला पार्टिशन घालून मुलाला खोली करा. पूर्वी मी प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलने चित्र काढून दाखवायचो. गिऱ्हाईक मान हलवायचं. भिंत पाडून झाली की म्हणायचं, अहो, ही नाही, पलीकडची! अंधेरीला एका साहेबांनी तर पडलेल्या विटांकडे बघून विचारलं, "इथे भिंत होती ना?" मी म्हटलं, "होती. तुम्हीच नको म्हणालात." आठवडाभर ते त्या हवेला वळसा घालून चालायचे.

मग कॉम्प्युटर आला. पन्नाशी उलटल्यावर स्टेशनजवळच्या क्लासला जाऊन मी हे घर काढायचं सॉफ्टवेअर शिकलो. इंग्रजी येत नाही. बटणांची चित्रं पाठ आहेत. टेप घेऊन घर मोजायचं, मापं आत टाकायची की आधी नुसत्या रेघा दिसतात. मग एक बटण दाबलं की भिंती उभ्या राहतात. ते गिऱ्हाइकाच्या टीव्हीला जोडायचं. माणूस सोफ्यावर बसून स्वतःच्या न झालेल्या घरात फिरतो. दारातून आत जातो, डावीकडे वळतो, खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर काही नसतं. नुसतं करडं. बायकांना ते आवडत नाही. "काका, बाहेर काहीतरी टाका ना," म्हणतात. मी एक झाड टाकतो.

ह्या मशीनला सगळं जमतं, पण कळत काही नाही. कॉलम पुसायला सांगितला तरी पुसतं. खालचा कॉलम गायब आणि वरचे मजले तसेच हवेत उभे. घाटकोपरचे एक शेठ मला म्हणाले, "बघा, कॉम्प्युटरमध्ये तर राहतंय!" मी म्हटलं, "शेठ, कॉम्प्युटरमध्ये वर कोणी राहत नाही." शेठने कॉलम राहू दिला. पण मला माझंच बोलणं नंतर बरेच दिवस टोचत राहिलं, कारण कॉम्प्युटरमध्ये राहणारं एक माणूस माझ्याकडे होतं.

ते असं झालं. ड्रॉइंगमध्ये एक माणूस उभा करावा लागतो. नुसत्या ओट्याकडे बघून तो उंच की बुटका ते कळत नाही, शेजारी माणूस असला की कळतं. सॉफ्टवेअरबरोबर फुकट माणसं मिळतात, पण ती सगळी गोरी. एक स्कर्टवाली, एक कॉफी पिणारा, एक कुत्रा फिरवणारा. माझी बायको सुनंदा मागून बघत होती. म्हणाली, "अवो, ह्यो गोरो माझ्या ओट्यार काय करता? भांडी घासतलो?"

मी म्हटलं, मग तूच उभी राहा.

"माझो फोटो लोकांच्या घरात कित्याक?"

पण राहिली. नवी हिरवी साडी काढली, भिंतीला पाठ लावली. "हसू काय?" मी म्हटलं, "नको. ओट्याची उंची बघायची आहे, लग्न नाही जमवायचं." तरी थोडी हसलीच. क्लासवाल्या सरांनी मागची भिंत कापून टाकली, आणि सुनंदा सॉफ्टवेअरमध्ये गेली. सुनंदाची उंची म्हणजे आपल्याकडच्या बाईची बेताची उंची. तिच्या हाताला आला तो ओटा, तिचा हात पोचला ती फळी. आमच्या कामात तो शब्दच पडला. माणसं विचारायची, "बाई उभी केली का?" म्हणजे मापं पक्की झाली का.

त्यातून थोडे घोटाळेही झाले. अंधेरीच्या एक उंच बाई, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेल्या, काम झाल्यावर म्हणाल्या, "काका, पाठ मोडली माझी. ही तुमची बाई फारच ठेंगणी आहे हो." सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "तिका म्हणा, वाकूक शिक." ओटा उंच करून द्यावा लागला.

आता एक गोष्ट समजून घ्या. सॉफ्टवेअरमधली ही माणसं पुठ्ठ्यासारखी चपटी असतात. ती चपटी दिसू नयेत म्हणून अशी सोय केलेली असते की बघणारा जिकडे जाईल तिकडे त्यांनी तोंड करायचं. तुम्ही दारातून आत या, ती तुमच्याकडे बघते. डावीकडे जा, वळते. फ्रिजच्या मागे लपा, तिथेही तिचं तोंड तुमच्याकडेच. गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. लहान मुलं तिला बाय करायची. घरी सुनंदाची मला कायम पाठच दिसायची. ती ओट्याशी, मी मागे जमिनीवर पाय पसरून जेवत, सगळा संसार असा गेला. ड्रॉइंगमध्ये मात्र तिची पाठ कधी दिसायची नाही.

पार्ल्याला एक निवृत्त गृहस्थ होते, एकटेच. त्यांचं काम होऊन गेलं तरी ते रोज फोनवर मी पाठवलेलं ड्रॉइंग उघडायचे. खरं घर तयार, तरी ह्यांना चित्रातलं हवं. मला म्हणाले, "तिथे त्या ताई असतात ना." ती माझी बायको आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात सुनंदा हॉस्पिटलात होती. मी बाहेरच्या बाकड्यावर, आणि ह्यांचा फोन. "काका, त्या चित्रात तुम्ही काही बदल केलाय का? ताई आज दमल्यासारख्या दिसतात."

मी म्हटलं, काही केलेलं नाही. फोन ठेवला. त्याच आठवड्यात सुनंदा गेली.

हे खरं की खोटं मला विचारू नका. एकट्या माणसाला काहीही दिसतं. आता मीही एकटाच आहे, म्हणून बोलतो.

दहाव्याला गुरुजींनी माझ्या गळ्यात तात्पुरतं जानवं घातलं. मधेच म्हणाले, "अपसव्य करा." मला कळेना. त्यांनीच ते डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घातलं. म्हणाले, "देवाचं करताना डावा खांदा, गेलेल्या माणसाचं करताना उजवा." मी मान हलवली. काम म्हणून सांगितलं की मी करतो.

काम सुरू ठेवलं. घरात बसून काय करू? मनीषा दिंडोशीला असते. ती म्हणाली, "बाबा, आईला आता ड्रॉइंगमधून काढा. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "कुणाला?" ती म्हणाली, "मला. गिऱ्हाइकांच्या फोनवर माझी आई फिरते." मी म्हटलं, "मग माझं ड्रॉइंग बघू नकोस." डोळ्यांत पाणी आणून गेली. मी नाही काढलं. सगळं केलं होतं मी. अग्नी दिला, राख सोडली, तिच्या साड्या वाटल्या. त्या हिरव्या साडीचं काय झालं तेही आठवत नाही. पण ते पुसायचं बटण माझ्याने दाबवेना. तिला पुसलं असतं तर माझ्याकडे तोंड करून उभं राहणारं कोणी उरलं नसतं.

अशात मुलुंडचं काम आलं. अर्चना नावाची मुलगी, शाळेत शिकवते. घरी ती, नवरा आणि सासू. समोरच्या फ्लॅटचं काम मी पूर्वी केलेलं, तेच बघून तिने बोलावलं होतं. बिल्डिंगमधले समोरासमोरचे फ्लॅट म्हणजे एकमेकांचा आरसा. ह्यांचं किचन उजवीकडे तर त्यांचं डावीकडे. मग मी नवीन ड्रॉइंग कशाला काढू? समोरच्या घराचं घेतलं, उलटं करायचं बटण दाबलं. भिंती उलटल्या, दारं उलटली, मोरी उलटली. मापं तपासली, थोडी दुरुस्ती केली आणि दुपारी टीव्हीला लावायला गेलो.

अर्चना सोफ्यावर, तिची सासू शेजारी. आजी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी दारातून आत शिरलो, हॉल दाखवला, भिंत काढलेली दाखवली, किचनकडे वळलो.

आजी म्हणाल्या, "थांब रे."

थांबलो.

"ही बाई गेलेली आहे ना?"

अर्चना म्हणाली, "आई, चित्र आहे ते. माप दाखवायला ठेवतात."

"चित्रच म्हणते मी. पदर बघ तिचा."

मी बघितलं. इतका वेळ मी भिंती बघत होतो. पदर उजव्या खांद्यावर होता. चमकी उजव्या नाकपुडीत. घर उलटं करताना तीही उलटली होती. उलटं झालेलं तोंड तिचंच होतं आणि तिचं नव्हतं. हसू दुसऱ्या गालावर गेलेलं. आणि बघत होती आमच्या तिघांकडे. तिघे तीन जागी बसलेलो, तरी प्रत्येकाकडे.

माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी असल्यासारखं वाटलं. मी हाताने झटकलं. काही नव्हतं.

"चुकलंय," मी म्हटलं. तिला एकटीला निवडलं, उलटं केलं. पदर डावीकडे आला. "झालं सरळ."

आजी म्हणाल्या, "खांदा बदललास म्हणून काय झालं?"

अर्चना मला दारापर्यंत सोडायला आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, प्लीज काढून टाका ना त्यांना. आई आता किचनमध्ये जायच्या नाहीत. आणि खरं सांगू, मला पण कसंतरी होतंय. समोरच्यांच्या फोनवर बघितलं होतं तेव्हा काही वाटलं नव्हतं."

मी म्हटलं, "बाई नसेल तर मी ड्रॉइंग करत नाही. दुसरा माणूस बघा."

"अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढ्याशाच."

घरी आलो. रागाने आलो आणि तसाच कॉम्प्युटर लावून बसलो. बघू तरी, म्हटलं, काढली तर काय होतं. मुलुंडचं किचन उघडलं. तिच्याभोवती फिरलो. खिडकीकडून, दाराकडून, वरून माळ्याच्या जागेवरून. सगळीकडून तिचं तोंड. मला अचानक तिची पाठ बघावीशी वाटली. अंबाडा, मानेवर चिकटलेले केस, ब्लाउजचा तो कायम घसरणारा काठ. जेवताना दिसायचं ते. तोंड वळवण्याची सोय बंद करता येते, क्लासमध्ये शिकवलं होतं. ती बंद केली. आता ती जागची हलेना. मी हळूहळू तिच्या मागे जायला निघालो.

बाजूला आलो तशी ती बारीक होत गेली. खांदा गेला, तोंड गेलं. बरोबर कडेला आलो तेव्हा सुनंदा म्हणजे नुसती एक उभी रेघ होती. आणखी जरासा सरकलो आणि तीही दिसेना. मागची बाजू कोणी घातलेलीच नव्हती. किचन रिकामं. ओटा, नळ, खिडकी, बाहेर करडं.

माझ्या घशातून आवाज फुटला, तो माझा मला ओळखू आला नाही. घाईत काय काय बटणं दाबली. ती परत आली, माझ्याकडे तोंड करून, आधीसारखी. मी स्क्रीनच्या काचेवर हात ठेवला. काच गरम होती. मशीन तापतं, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. मुलुंडच्या आजी.

"सून म्हणते तू काम सोडलंस."

"होय."

"बायको तुझी?"

"होय."

"कधी गेली?"

"पावसाच्या आधी."

आजी म्हणाल्या, "आणि तेव्हापासून उभीच ठेवलीस?"

आमच्या कामातला रोजचा शब्द. बाई उभी केली, बाई उभी आहे. बोरिवलीत उभी, पार्ल्यात उभी, लोकांच्या फोनमध्ये उभी. मी कधी कान देऊन तो शब्द ऐकलाच नव्हता.

"मी घाबरले नाही हो तुझ्या बायकोला," आजी म्हणाल्या. "ह्या वयात मी कुणाला घाबरू? पण तिच्याकडे बघून माझेच गुडघे दुखायला लागले. बसव रे तिला."

फोन ठेवला आणि जुने फोटो शोधायला लागलो. म्हटलं, हिचा बसलेला एक फोटो घेऊ, कापू, ड्रॉइंगमध्ये घालू. पिशवीतले सगळे फोटो जमिनीवर पसरले. मनीषालाही फोन केला, तिच्या मोबाईलमधलेही बघ म्हटलं. गणपतीत आरतीचं ताट धरून उभी. मनीषाच्या लग्नात पंगतीत वाढताना उभी. गावी पडवीत, सगळे बसलेले आणि ही मागे दाराला टेकून उभी. बारशात पाळण्यापाशी उभी. मनीषा फोनवर एकेक सांगत होती. "ह्यात उभी आहे बाबा. ह्यातही. थांबा हं, अजून आहेत." मग तिचा आवाज यायचा थांबला. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "बाबा, नाहीये हो. एकही नाहीये." हेच ते ठिकाण, जिथलं शुद्धलेखन राहिलं.

बसलेला एकच सापडला, आमच्या लग्नातला. पाटावर खाली मान घालून बसलेली मुलगी, मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. पण ती मुलगी मला ओळखत नव्हती. तिला कसं बोलावू?

मी बराच विचार केला. मी सुतार माणूस, मला दुसरं काय येतं? ड्रॉइंग उघडलं. ओट्याच्या टोकाला, खिडकीच्या बाजूला थोडी जागा काढली. तिथे एक खण येणार होता, तो रद्द केला. सॉफ्टवेअरमधल्या फुकटच्या खुर्च्या मला पसंत पडेनात, म्हणून एक नवीन खुर्ची काढली. लाकडी, हात नसलेली, बसलं की पाय जमिनीला टेकतील एवढीच उंच. तिच्या पायांचं माप मला कुठे बघावं लागलं नाही. खुर्ची खिडकीकडे जरा वळवून ठेवली. मग सुनंदाला निवडलं. तिच्याभोवती निळी चौकट आली. मी म्हटलं, "बस गो आता." आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे ती गेली, एवढंच झालं. मशीनने विचारलंसुद्धा नाही.

दुपारी मुलुंडला गेलो. अर्चनाने दार उघडलं, तिला बरं वाटलेलं दिसलं. टीव्हीला लावलं. दारातून आत, हॉल, काढलेली भिंत, किचन. ओटा, नळ, खिडकी, खुर्ची. अर्चना म्हणाली, "छान वाटतंय काका आता. मोकळं. पण किचनमध्ये खुर्ची?"

आजी टीव्हीकडे बघत होत्या. ऑपरेशन झालेला डोळा बारीक करून, बराच वेळ. मग सोफ्यावर मागे टेकल्या.

"बसली," म्हणाल्या.

अर्चनाने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी टीव्हीकडे बघत होतो. खुर्ची रिकामी होती. मला रिकामी दिसली, मी तेवढंच सांगू शकतो.

"आई, कोण बसली?"

"चहा टाक गं," आजी म्हणाल्या. "आणि एक कप जास्तीचा टाक."

अर्चना आत गेली. जुन्या किचनमधून भांड्याचे आवाज आले. ट्रेमध्ये चार कप आणले, तीन आमच्यासमोर ठेवले, चौथा कुठे ठेवावा ते तिला कळेना. आजींनी बोटाने माझ्या शेजारची जागा दाखवली. तिने तो तिथे ठेवला. आम्ही चहा प्यालो. आजींनी ओट्याचा कडाप्पा नको, ग्रॅनाइट हवा म्हणून सांगितलं. अर्चना म्हणाली, मिक्सरसाठी प्लग खिडकीजवळ द्या. मी लिहून घेतलं. चौथ्या कपावर साय धरली.

सुनंदा कुणाकडे गेली की पूर्ण कप कधी घ्यायची नाही. "माका इतको नको," म्हणत अर्धा माझ्या कपात ओतायची, लोकांदेखत, मला लाज वाटायची.

मी तो कप उचलला. अर्धा प्यालो. अर्धा ठेवला. टेप खिशात टाकली आणि अर्चनाला म्हटलं, "सोमवारी भिंत फोडायला माणसं येतील. भांडी आधी हलवून ठेव."